पासष्टाव्या घरातला आकडा : अल-बिरूनी यांच्या हयातीची आणि हिशेबाची गोष्ट

दर काही महिन्यांनी आमच्याकडे वाचकांचा एखादा फॉरवर्ड मेसेज येतो. हजार वर्षांपूर्वी मुस्लिम शास्त्रज्ञांनी अमुक शोध लावला, तमुक आकडा बिनचूक सांगितला, जगाने तो लपवून ठेवला, तरी जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. खाली पगडी-दाढीचं एक काल्पनिक चित्र. या मेसेजांत अल-बिरूनी यांचं नाव हमखास असतं. नाव एवढं फिरतंय तर त्या माणसाची नीट ओळख करून द्यावी, असं आम्हाला वाटलं. आणि ती त्यांच्याच पद्धतीने करून द्यावी, म्हणजे आकडा समोर ठेवून, तपासून. त्यांच्या किताबांत हजारो आकडे आहेत. आम्ही त्यातला एकच घेतला आहे. तो असा :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंकी संख्या आहे. शाळेत आपण एकं, दहं, शतं, सहस्र करत अठरा स्थानं पाठ करायचो, शेवटचं स्थान परार्ध. हा आकडा परार्धालाही पुरून उरतो. वाचायचाच झाला तर १८४ परार्ध आणि वर पुष्कळ काही.

तो येतो कुठून? बुद्धिबळाच्या पटावरून. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. हिंदच्या एका बादशहाला एका हकीमाने बुद्धिबळाचा खेळ करून दिला. अरबी किताबांत त्या हकीमाचं नाव सिस्सा असं येतं. बादशहा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. हकीमाने गहू मागितला. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दरवेळी दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. बादशहाला ही मागणी अगदीच किरकोळ वाटली. मग मुनशी हिशेबाला बसले आणि दरबाराच्या लक्षात आलं की साऱ्या मुलुखात एवढा गहू नाही.

गोष्ट म्हणून ती छान आहे आणि शतकानुशतकं सांगितली गेली. दमास्कसचे काझी इब्न खल्लिकान यांनी तेराव्या शतकात ती आपल्या चरित्रकोशात घेतली. पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांची खात्री पटली. अल-बिरूनी यांनी हे गणित त्यांच्याही अडीचशे वर्षं आधी करून ठेवलं होतं, तेही थोडक्यात आणि कुणालाही पुन्हा करून बघता येईल असं. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस-अठ्ठावीस होतं आणि पाठीमागे एक उद्ध्वस्त झालेलं घर होतं.

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी यांचा जन्म जिल्हज्ज ३६२ हिजरी, म्हणजे सप्टेंबर ९७३ मधला. ठिकाण ख्वारिज्म प्रांतातल्या काथ शहराच्या वेशीबाहेरची वस्ती. फारसीत बाहेरच्याला बिरून म्हणतात, त्यावरून बिरूनी. आज हा भाग उझबेकिस्तानच्या काराकल्पाकस्तानात येतो आणि तिथल्या गावाला त्यांचंच नाव आहे. घरात बोलली जाणारी भाषा ख्वारिज्मी. तीत इल्मच्या किताबा लिहिल्या जात नव्हत्या. त्यांनी लिहिलं ते मुख्यतः अरबीत, काही फारसीत. या दोन्ही भाषा त्यांना बाहेरून येऊन शिकाव्या लागल्या होत्या. घरी एक भाषा, मदरशात दुसरी, शाळेत तिसरी, ही आपल्या मुलांची गत त्यांना नवी वाटली नसती.

त्यांचे उस्ताद अबू नस्र मन्सूर हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातले आणि स्वतः मोठे गणिती. त्यांच्या हाताखाली मुलगा तयार झाला आणि कोवळ्या वयात सूर्याची उंची मोजून आपल्या शहराचं अक्षांश काढू लागला. मग ९९५ मध्ये गुरगंजच्या अमीराने काथवर चाल केली. काथचा शाह मारला गेला, राजघराणं संपलं आणि बिरूनींना गाव सोडावं लागलं. बावीस वर्षांचा मुलगा, ना धनी ना आसरा. काही काळ ते रय शहरात होते, आजच्या तेहरानजवळ. तिथे त्यांच्या गरिबीवरून एका विद्वानाने त्यांना हिणवलं आणि ते चूक असल्यासारखं वागवलं. पुढे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस दोस्तीला आला. ही हकिकत बिरूनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि फारशी कडवट न होता.

त्याच धावपळीत त्यांनी एक सुंदर काम केलं. २४ मे ९९७ च्या रात्री चंद्रग्रहण होतं. बिरूनी तेव्हा काथमध्ये होते. बगदादला अबुल वफा हे नावाजलेले गणिती होते. दोघांनी आधी ठरवून आपापल्या जागी ग्रहणाची वेळ मोजली. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, पण स्थानिक घड्याळं वेगळी. त्या फरकावरून दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर निघालं. दोन माणसं, मधे शेकडो मैलांचं वाळवंट, आणि वर एकच चंद्र.

इ.स. १००० च्या सुमारास ते जुर्जानच्या दरबारी होते, आजच्या इराणच्या उत्तरेला. तिथला अमीर काबूस इल्मचा कदरदान, पण स्वभावाने क्रूर. त्याने बांधलेला विटांचा उंच मनोरा, गुंबद-ए-काबूस, आजही उभा आहे. याच काबूसला बिरूनींनी आपली पहिली मोठी किताब नजर केली : अल-आसार अल-बाकिया, मागे उरलेल्या खुणा. जगातल्या कौमा वर्षं कशी मोजतात, महिने कसे धरतात, सण कधी करतात, हा तिचा विषय. इराणी, यहुदी, ईसाई, सोग्दी, ख्वारिज्मी, अरब, सगळे त्यात आहेत. हजारो वर्षांच्या बेरजा चालू असताना त्या किताबात मधेच बुद्धिबळाचा पट येतो.

दुप्पट करत चौसष्ट घरं चढायची आणि मग चौसष्ट आकड्यांची बेरीज करायची, हा एक मार्ग झाला. त्यात एका जागी हातचा चुकला की पुढचं सगळं चुकलं. बिरूनींनी दोन नियम सांगितले.

पहिला असा. पटावरचं कुठलंही घर घ्या. त्यातल्या आकड्याचा वर्ग केला तर तो एका दुसऱ्या घरातला आकडा असतो. कुठलं घर? पहिल्या घरापासून आपलं घर जितकं लांब, तितकंच आपल्या घरापासून पुढे. उदाहरण घेऊ. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पाचवं घर पहिल्यापासून चार घरं लांब. मग आणखी चार घरं पुढे, नवव्या घरात, १६ चा वर्ग म्हणजे २५६ दाणे. नवव्याचा वर्ग सतराव्या घरात : ६५,५३६. सतराव्याचा वर्ग तेहतिसाव्या घरात : ४,२९,४९,६७,२९६. तेहतिसाव्या घराचा वर्ग पासष्टाव्या घरात.

पण पासष्टावं घर पटावर नाहीच! इथे दुसरा नियम येतो. कुठल्याही घरातल्या आकड्यातून एक वजा केला की त्याच्या आधीच्या सगळ्या घरांची बेरीज मिळते. करून बघा. तिसऱ्या घरात ४, आधीची बेरीज १ आणि २ मिळून ३. चौथ्यात ८, आधीची बेरीज ७. म्हणून संपूर्ण पटाची बेरीज हवी असेल तर पटाबाहेर एक पाऊल टाकायचं, पासष्टाव्या घराचा आकडा काढायचा आणि त्यातून एक काढून घ्यायचा. सोळापासून सुरुवात करून चार वेळा वर्ग, आणि शेवटी एक वजा. चौसष्ट पायऱ्यांचं काम पाच पायऱ्यांत झालं.

हे नियम आम्ही कागद-पेन्सिल घेऊन करून पाहिले. शेवटचा वर्ग करताना घाम फुटतो, खोटं कशाला बोला. वाचकांनी निदान तेहतिसाव्या घरापर्यंत तरी जाऊन बघावं. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर त्यालाही सोबत घ्यावं.

उत्तर बिरूनी दोन पद्धतींनी मांडतात. एक हिंदी अंकांनी, म्हणजे आपण आज वापरतो त्या दशमान पद्धतीने. या अंकांना ते हिंदीच म्हणतात, ते कुठून आले हे लपवायचा प्रश्नच त्यांच्या मनात येत नाही. दुसरी पद्धत साठाच्या पटीची. तास, मिनिटं, सेकंद मोजायला आपण ती अजून वापरतो आणि तेव्हाचे ज्योतिर्विद सगळं गणित तिच्यात करत. त्या पद्धतीत आपला आकडा ३०, ३०, २७, ९, ५, ३, ५०, ४०, ३१, ०, १५ असा अकरा स्थानांत बसतो. आम्ही साठने पुन्हा पुन्हा भागून पडताळा घेतला. बरोबर येतो.

तरीही वीस अंक डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आकड्याला रूप दिलं. दहा-दहा हजारांच्या थैल्या करा. प्रत्येक खेचरावर आठ थैल्या लादा. दहा हजार खेचरांचा एक तांडा. एका ओढ्याच्या काठाने असे हजार तांडे उभे. एका डोंगरातून असे दहा हजार ओढे निघतात. आणि असे डोंगर किती, तर २,३०५. एवढं करून वर काही उरतंच, २,३०६ वा डोंगरही बराचसा भरेल इतकं.

आजच्या हिशेबाने सांगायचं तर गव्हाचा दाणा ४० मिलिग्रॅमचा धरू. एकूण वजन जवळपास ७४ हजार कोटी टन होतं. सारं जग मिळून आज वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकवतं. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षांचं पीक. त्या हकीमाला दाणे मोजून द्यायला आपण बिरूनींच्या काळात सुरुवात केली असती, आणि तेव्हाही आजच्याइतकंच पिकत असतं, तर देणं नुकतंच कुठे फिटलं असतं.

आता या आकड्याच्या पोटात काय आहे ते बघू. त्याच्या सगळ्या अंकांची बेरीज ८७. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, म्हणून आकड्यालाही ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही. शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने जातो. पूर्ण फोड केली तर सात मूळ संख्या मिळतात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच. त्यामुळे आकड्याचे एकूण विभाजक १२८ होतात, आणि १२८ हा पटावरच्या आठव्या घरातला आकडा. यातली ६४१ ची कहाणी मजेशीर आहे. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाला सतराव्या शतकात वाटलं होतं की तेहतिसाव्या घरातल्या आकड्यात एक मिळवला तर येणारी संख्या अभाज्य असते. मोठं नाव, म्हणून लोकांनी मानलं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. एक भागाकार, आणि एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं खाली आलं.

हाच आकडा आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही बसलेला आहे. संगणक दोनच अंकांत मोजतो, शून्य आणि एक. चौसष्ट जागा दिल्या आणि सगळीकडे एक भरला की तयार होणारी संख्या ती हीच. चौसष्ट बिटांच्या यंत्राला एका दमात धरता येणारी ही सगळ्यात मोठी पूर्ण संख्या. पटाची चौसष्ट घरं आणि यंत्राच्या चौसष्ट जागा, गणित एकच. यावरून कुणी लगेच बिरूनींनी कॉम्प्युटर शोधला असा मेसेज करू नये, ही विनंती. त्यांनी तो शोधला नाही. पटावरची बेरीज काढली, आणि बरोबर काढली.

आम्हाला त्या किताबातली आणखी एक जागा महत्त्वाची वाटते. यहुदी आणि ईसाई विद्वानांमध्ये तेव्हा एक वाद चाले. दानियल नबींच्या नावाने असलेल्या सहिफ्यात १,३३५ या आकड्याचा उल्लेख आहे. अक्षरांना अंक देऊन, म्हणजे आपण ज्याला अबजद म्हणतो त्या रीतीने, दोन्ही बाजू त्यातून आपापल्या अकीद्याला सोयीचा अर्थ काढत. एक गट म्हणे मसीह यायचा आहे, दुसरा म्हणे येऊन गेला, आणि दोघांच्या बेरजा जुळत. बिरूनींनी काय करावं? त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांच्या मुबारक नावाचा समावेश असलेलं एक वाक्य बनवलं, ज्याची अबजदप्रमाणे बेरीज १,३३५ च भरते. आपल्या बाजूचा एक भक्कम पुरावा हाती लागला होता. तो त्यांनी पुरावा म्हणून वापरला नाही. बघा, असंही जुळवता येतं, एवढंच दाखवण्यासाठी वापरला. अक्षरांच्या बेरजेने कुणाचंही काहीही सिद्ध होतं, म्हणजे कुणाचंच काही सिद्ध होत नाही.

हे वाचून आम्ही जरा थांबलो. आपल्याकडे रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर, जपून ठेवलेल्या नोटेवर ७८६ असतं. ते बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज म्हणून लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनातला अदब आम्ही जाणतो, आणि तसं लिहावं की नाही यावर उलेमांमध्येही एकमत नाही, तो विषय त्यांचा. पण बेरीज जुळली म्हणून काही सिद्ध झालं, असे जे मेसेज फिरतात त्यांची गोष्ट वेगळी. कुठल्या शब्दाची संख्या कुठल्या ग्रहाच्या अंतराशी जुळते, कुठला आकडा कुठल्या सालाशी. दीनची इज्जत वाढवायच्या इराद्याने लोक ते पाठवतात. दीनवर मनापासून ईमान असलेल्या एका गणितज्ञाने हजार वर्षांपूर्वी तो मोह बाजूला ठेवला होता. अबजद त्यांना वर्ज्य नव्हतं. साठाच्या पद्धतीतले आकडे ते त्याच अक्षरांनी लिहीत. लिहिण्याची सोय म्हणून ती अक्षरं चालतील, साक्षीदार म्हणून नाही.

पुढची हयात थोडक्यात सांगतो. काबूसच्या दरबारातून ते ख्वारिज्मला परतले आणि तिथल्या शाहच्या पदरी राहिले. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म घेतलं आणि तिथल्या आलिमांना गझनीला नेलं. त्यात बिरूनी होते आणि त्यांचे बुजुर्ग उस्ताद अबू नस्रही. कैदी म्हणावं की दरबारी, हे सांगणं कठीण. मर्जीने गेले नव्हते, एवढं नक्की.

याच महमूदच्या स्वाऱ्यांमुळे बिरूनींना हिंदुस्थानची वाट खुली झाली. पंजाबातल्या नंदना किल्ल्यावर, आजच्या पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत, त्यांनी पृथ्वीचं माप काढलं. आधी डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावरून क्षितिज सपाटीच्या किती खाली दिसतं तो कोन घेतला, अंशाच्या जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त. या दोन गोष्टींवरून पृथ्वीची त्रिज्या सव्वा कोटी हातांच्या वर आली. मेसेजांत असतं की हे उत्तर आजच्या मापापेक्षा फक्त इतके किलोमीटर चुकलं. पण तो फरक त्यांचा हात किती लांबीचा धरायचा यावर ठरतो. हात थोडा मोठा धरला की फरक बदलतो. पद्धत मात्र अप्रतिम आहे. वाळवंटात सैन्यासारखी माणसं चालवत न्यायची गरज नाही, एक डोंगर आणि एक कोन पुरे.

हिंदुस्थानात ते संस्कृत शिकले, चाळिशी ओलांडल्यावर. पंडितांजवळ बसले, पोथ्या जमवल्या. इ.स. १०३० च्या सुमारास किताबुल हिंद पुरी झाली. तिच्यात संख्यांच्या स्थानांवर लिहिलेलं आहे. एकम्, दशम्, शतम् पासून परार्धापर्यंतची अठरा नावं त्यांनी अरबी अक्षरांत उतरवली. कुणी म्हणतात परार्धानंतर एकोणिसावं स्थान आहे, भूरि, आणि तिथे मोजणी संपते. बिरूनी यावर नोंदवतात की मोजणीला शेवट नसतो. पासष्टावं घर पाहिलेल्या माणसाला ते सांगायला वेगळा पुरावा लागला नसेल. त्याच किताबात गावांमधल्या अंतरांच्या याद्या आहेत. गोदावरीचं नाव आहे, मरहट्ट देश आहे, कोकण आणि त्याची राजधानी समुद्रकाठचं ठाणे आहे. इथवर ते आले नव्हते, वाटसरूंकडून ऐकून त्यांनी लिहिलं. पण ठाणे स्टेशनच्या गर्दीत उभं असताना हे आठवलं की बरं वाटतं.

महमूदच्या स्वाऱ्यांबद्दल त्यांनी काय लिहिलं ते मेसेजांत सहसा नसतं. या स्वाऱ्यांनी मुलूख उद्ध्वस्त झाला, तिथले लोक धुळीच्या कणांसारखे विखुरले, त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला आणि त्यांची विद्या हात पोहोचणार नाही अशा काश्मीर, बनारससारख्या जागी निघून गेली, असं त्यांनी नोंदवलं. ज्याच्या राजधानीत राहायचं त्याच्याबद्दल हे लिहिणं सोपं नव्हतं. दुसऱ्या बाजूने, पंडितांच्या अहंकारावरही त्यांनी भीड न ठेवता लिहिलं. आज एक बाजू त्यांना आपला माणूस म्हणून मिरवते, दुसरी परक्या सुलतानाचा माणूस म्हणून बाजूला सारते. किताब उघडून बघणारे दोन्हीकडे कमीच.

महमूदनंतर त्याचा मुलगा मसूद तख्तावर आला. त्याच्या नावाने बिरूनींनी अल-कानून अल-मसूदी हा खगोलशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला. याकूत हे चरित्रकार सांगतात की सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरूनींनी गरज नाही म्हणून ती खजिन्यात परत केली. हत्तीवर किती चांदी मावते याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केलाच असेल, असं आमचं आपलं मत. पुढेही काम थांबलं नाही. रत्नं आणि धातू पाण्यात तोलून त्यांचं तुलनात्मक वजन काढलं, शेवटी औषधी द्रव्यांवर किताब हाती घेतली. त्यांच्या लिखाणाची संख्या शंभराच्या वर आहे आणि त्यातलं बरंचसं आज हरवलेलं आहे.

त्यांच्या वफातीची तारीख बहुतेक ठिकाणी ४४० हिजरी, म्हणजे १०४८, अशी छापलेली असते. पण औषधांच्या त्या किताबात त्यांनी आपलं वय ऐंशीच्या पुढे गेल्याचं लिहिलं आहे. जन्म ३६२ चा. त्यात ऐंशी मिळवले तर ४४२ होतात, इसवी सनात १०५० च्या आसपास. म्हणजे ४४० मध्ये ते हयात होते. एवढी साधी बेरीज, आणि तरी जुनीच तारीख छापली जाते.

त्यांच्या शेवटच्या घटकांची हकिकत याकूत यांनीच नोंदवली आहे, ओळखीच्या एका फकीहच्या तोंडून. फकीह भेटायला गेले तेव्हा बिरूनींचा श्वास घरघरत होता. त्या अवस्थेत त्यांनी विचारलं, मागे एकदा तुम्ही विरासतीतला तो हिशेब सांगत होता, आईच्या वडिलांच्या आईकडच्या आज्यांचा, तो कसा होता? फकीहना दया आली, ही काय वेळ आहे असं ते म्हणाले. बिरूनींचं म्हणणं पडलं की हा मसला न जाणता दुनियेतून जाण्यापेक्षा जाणून गेलेलं बरं. मग फकीहनी तो पुन्हा समजावून सांगितला. बिरूनींनी तो ऐकला, पाठ केला आणि म्हणून दाखवला. फकीह निरोप घेऊन बाहेर पडले आणि रस्त्याला लागतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.